कुंडींतील निवडुंग व किरमिजी किडा

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घराच्या सज्जावरील निवडुंगाच्या फड्यांवर पांढरे पुंजके दिसूं लागले. कोणाच्या तरी बोंडांतला कापूस उडून येऊन बसावा तसे ते दिसत होते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दरसाल येतोच, तोच हा, असें समजून मीं एक पुंजका नखानें चिरडला, तों बोट गर्द तांबडें झालें. बोट कापलें असावें असें वाटून तें पाण्याखालीं धरलें. परंतु जखम कोठेंच नव्हती. तांबडेपणा किड्याच्या पोटांतला होता. ज्या रंगाभोंवतीं स्पेननें मेक्सिकोंत अडीच शतकें पहारा ठेवला आणि ज्याच्यापायीं ईस्ट इंडिया कंपनीनें हिंदुस्थानांत निवडुंगाच्या बागा उठविल्या, तो रंग माझ्या नखांत भरला होता.

हा निवडुंग मीं जपावा याला कारण आहे. काटोलकडील आमच्या वडिलोपार्जित शेताला फड्या निवडुंगाचें कुंपण होतें. वांटण्या झाल्या, कुंपण तोडून तारा आल्या, आणि तोडलेल्या ढिगांतून उचलून आणलेली एक फडी एवढीच त्या शेतांतून माझ्या वांट्यास आली. त्यास आतां चौदा वर्षें झालीं. काटेरी झाड घरांत नको, असें शेजारच्या आजी अजूनही बजावतात; मात्र बोंडें धरलीं कीं किती धरलीं तें विचारावयास त्याच प्रथम येतात.

निवडुंग या एका नांवाखालीं आपण दोन अगदीं भिन्न कुळें एकत्र नांदविलीं आहेत. थोर व त्रिधारी निवडुंग हे एरंडाच्या कुळांतले, या भूमीचे जुने रहिवासी. वैद्यकांतील स्नुही ती हीच. तिचा चीक तीव्र रेचक म्हणून चरकसुश्रुतांस ठाऊक होता, आणि भगंदरावरील क्षारसूत्रास तो आजही लावतात. फड्या निवडुंग व रोपवाटिकांतून कॅक्टस म्हणून विकली जाणारी बहुतेक मंडळी मात्र अमेरिकेकडची. कोलंबसापूर्वीच्या हिंदुस्थानानें तीं पाहिलींही नव्हतीं. पारख सोपी आहे. टांचणीनें टोंचावें. दुधासारखा चीक आला तर तो थोराचा भाऊबंद. पाणचट, बुळबुळीत रस आला तर परदेशचा पाहुणा. (चिकाचा हात डोळ्यास लागूं देऊं नये, हें मुलांस आधींच सांगून ठेवावें.)

या पाहुण्याच्या पाठीमागें किड्याचा इतिहास आहे. मेक्सिकोच्या ओहाका प्रांतांत निवडुंगाचे मळे लावून त्यांवर हा किडा पाळीत. मादी एका जागीं सोंड रोवून बसते ती मरेपर्यंत हलत नाहीं. तीच गोळा करून, वाळवून, कुटली म्हणजे किरमिजी रंग तयार होतो. किरमिज हा शब्द आपल्याकडे फारशींतून आला, आणि त्याचें मूळ आपल्या कृमि शब्दाशीं जाऊन भिडतें; इंग्रजांचा क्रिमझनही त्याच घराण्यांतला. किड्यापासून तांबडा रंग काढण्याची विद्या आपणांस नवी नव्हती. पळस, बोर, कुसुंब या झाडांवरील लाखेच्या किड्याचा अळता येथल्या स्त्रियांच्या पायांना पिढ्यानुपिढ्या लागत आला आहे. परंतु युरोपच्या बाजारांत भाव होता तो मेक्सिकोच्या मालास. इंग्रज पलटणींतील अधिकाऱ्यांचे तांबडे कोट याच रंगाचे असत. साध्या शिपायाच्या कोटास मंजिष्ठेच्या जातीच्या मुळ्यांचा स्वस्त रंग पुरे होई.

स्पेनचा हा मक्ता मोडण्यासाठीं थिएरी द मेनोंव्हिल नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें १७७७ सालीं ओहाकांतून जिवंत किडे चोरून सां-दोमिंगला नेले. इकडे मद्रासेस डॉक्टर जेम्स अँडर्सन यांनीं त्या शतकाच्या अखेरीस सैदापेठेंत निवडुंगाची बागच उभी केली. किडा अद्याप यावयाचा होता. पाळणा मात्र बांधून तयार. पुढें १७९५ सालीं कप्तान नीलसन यानें ब्राझीलहून किड्यांसकट फड्या कलकत्त्यास आणल्या. कंपनीस वाटलें, घबाड हातीं लागलें. परंतु आला तो मेक्सिकोचा पाळीव किडा नव्हेच. तो त्याचा रानटी चुलतभाऊ होता. त्याच्या अंगावर लोकर पुष्कळ आणि पोटांत रंग बेताचा. त्यास ज्या निवडुंगाची गोडी होती, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला ओपन्शिया मोनाकँथा म्हणतात तो, उत्तर व मध्य हिंदुस्थानांत माजलेला होता. कंपनीला रंग मिळाला नाहीं. निवडुंग तेवढा फस्त झाला.

हें ज्यांनीं पाहिलें त्यांच्या ध्यानांत आलें कीं रंगासाठीं आणलेला किडा तण मारण्याच्या कामीं येतो. १८३६ ते १८३८ या काळांत तो मुद्दाम दक्षिणेंत नेण्यांत आला, आणि १८६५ च्या सुमारास सिंहलद्वीपांत. एका प्रदेशांतून दुसऱ्यांत किडा नेऊन तण मारण्याचें जगांतील पहिलें उदाहरण म्हणून ग्रंथकार याचा गौरव करतात. त्यांत दूरदृष्टि शोधणाऱ्यांशीं माझें पटत नाहीं. चुकीचा किडा, चुकीच्या अपेक्षेनें आणलेला, आणि यश तिसऱ्याच ठिकाणीं. याला फार तर डोळसपणें सावरलेली चूक म्हणावें.

आणि ती चूकही अर्धीच सावरली होती. या किड्याची जीभ फार चोखंदळ. दुसऱ्या जातींच्या निवडुंगास तो तोंड लावीना. ते दक्षिणेंत तसेच फोफावत राहिले. १९२६ सालीं सिंहलद्वीपांतून दुसऱ्या जातीचा किडा आणला, तेव्हां त्यांचा जोर ओसरला. मध्यंतरीं ऑस्ट्रेलियाची स्थिति याहून बिकट झाली होती. १९२५ पर्यंत तेथील सुमारें २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन निवडुंगाखालीं गेली. क्वीन्सलंडनें १९१२ ते १९१४ या काळांत दोन शास्त्रज्ञ जगभर धाडले. ते हिंदुस्थानांतही येऊन गेले, आणि आपल्याकडील तो चोखंदळ किडा तिकडे मोनाकँथावर सोडण्यांत आला. बाकीचें रान साफ केलें तें अर्जेंटिनाहून नेलेल्या एका पतंगाच्या अळीनें. बूनार्गा गांवच्या लोकांनीं १९३६ सालीं त्या पतंगाच्या नांवें सभागृह बांधलें. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या आपणांस त्याचें हंसूं येऊं नये.

आतां कुंडीकडे वळतों. कांहीं न करतां जगणारें झाड अशी निवडुंगाची ख्याति आहे, आणि नागपुरांत ती साफ खोटी ठरते. या शहरीं २३ मे २०१३ रोजीं पारा ४७.९ अंशांवर चढला होता, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजीं ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. शेताच्या बांधावरचा निवडुंग हें सारें सोसतो, कारण त्याच्या मुळांवर जमिनीचें पांघरूण असतें. कुंडी चारी बाजूंनीं तापते. पहिल्या वैशाखांत मीं ती पश्चिमेच्या कठड्यावर ठेवली आणि फडीचें एक अंग भाजून पांढरें पडलें. तो डाग आजतागायत भरला नाहीं. तेव्हांपासून अक्षय्यतृतीयेला कुंडी पूर्वेच्या सज्जांत जाते. पाणी आठदहा दिवसांनीं, तेंही दिवस मावळल्यावर. इतर झाडें दिवसां आपलीं रंध्रें उघडतात, निवडुंग रात्रीं उघडतो. रात्रीं घेतलेला कर्बवायु आम्लरूपानें सांठवून दिवसां दारें लावून वापरतो. नवतप्यांत मात्र येथें रात्रही निवत नाहीं. झाड वाढ थांबवून बसतें, आणि दिलेलें पाणी मुळांशीं कढतें. रोहिणीच्या त्या नऊ दिवसांत मी कुंडीला हात लावीत नाहीं.

मृगाची पहिली सर मी त्यास घेऊं देतों. उन्हाळ्याची धूळ धुऊन जाते. पुढें आर्द्रेपासून हस्तापर्यंत कुंडी वळचणीच्या आंत. खरा धोका उन्हापेक्षां याच दिवसांत अधिक, आणि तो मीं स्वतःच्या भावुकपणामुळें ओढवून घेतला होता. फडीबरोबर शेतांतली काळी माती आणून तींतच ती लावली होती. ती रेगड कपाशीला अमृत. परंतु पाणी धरून ठेवते. दुसऱ्या वर्षीं मघांत बुंधा पिवळा पडून मऊ झाला. शेंड्याच्या दोन निरोगी फड्या कापून आठवडाभर सावलींत सुकविल्या, जखम कोरडी होऊं दिली, आणि कन्हानची जाड वाळू, मुरूम व विटांचा चुरा यांत मूठभर जुनें शेणखत घालून त्या पुन्हां लावल्या. शेताची माती गेली, झाड राहिलें. थंडींत तीन आठवड्यांनीं पाणी पुरतें. कोरड्या मुळांनीं निवडुंग गारठा सोसतो, ओल्या मुळांनीं सोसत नाहीं.

या वर्षीं मात्र गांठ किड्याशीं होती. पावसाळ्यांत सरी त्यास धुऊन काढतात, कोरड्या हिवाळ्यांत तो फोफावतो. आणि अंगावरच्या मेणचट लोकरीवरून साधें पाणी ओघळून जातें. पंधरा दिवसांत तीन फड्या सुरकुतल्या. कुंडी इतरांपासून दूर नेली, सर्वांत ग्रासलेल्या दोन फड्या कापल्या, आणि बाकीच्या साबणाच्या पाण्यांत बुडविलेल्या राठ ब्रशानें दर चौथ्या दिवशीं घांसल्या. महिनाभर बोटांतून बारीक कुसळें काढण्यांत संध्याकाळ जाई.

कापलेल्या फड्या टाकून देववेनात. त्यांवरचे किडे खरवडून, वाळवून, खलांत कुटले. चमचाभर भुकटी निघाली. ती उकळून त्यांत तुरटी घातली, आणि खादीचा एक तुकडा व आईच्या जुन्या लुगड्याच्या रेशमी कांठाचा एक तुकडा रात्रभर भिजत ठेवला. खादीवर फिकट गुलाबी झांक आली. रेशीम मात्र असें पेटलें कीं शेजारच्या आजींनीं तें उन्हाशीं धरून दोनदां उलटसुलट पाहिलें, आणि हें त्या काटेरी झाडाचें, यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाहीं. फाल्गुनांत उरलेल्या फड्यांच्या कडेला दोन हिरवे कोंब आले. त्यांच्या बगलांत कापूस नाहीं ना, तें मी रोज सकाळीं भिंग घेऊन पाहतों.