कोठडीतले पत्रक

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण म्हणतो. पण जिला धरूनच नेतात तिने काय करावे? साध्या गुन्ह्यातल्या अटकेत कारण सांगितले पाहिजे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि वाटेचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे, असे घटनेच्या २२ व्या कलमात १९५० सालापासून लिहिलेले आहे. कोठडीतल्या बाईच्या कानी ते पडावे, अशी तजवीज व्हायला मात्र १९८३ साल उजाडले. आणि ती घडवली एका बाईच्या पत्राने.

मे १९८२ मध्ये शीला बारसे या पत्रकार बाईंनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात १५ स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली, असे त्यांतल्या पाच जणींनी सांगितले. शीलाबाईंनी ते सारे सुप्रीम कोर्टाला पत्राने कळवले. कोर्टाने पत्र हाच अर्ज मानला आणि ‘निर्मला निकेतन’च्या संचालिका डॉ. आरमायटी देसाई यांना तुरुंगात जाऊन चौकशी करण्यास सांगितले. १५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला. संशयित बायकांसाठी निराळ्या कोठड्या असाव्यात, त्यांवर बायकांचाच पहारा असावा आणि बाईची विचारपूस स्त्री-पोलिसांच्या देखतच व्हावी. अटक झाली की कोणा नातलगाला कळवायचे ते तिला विचारून लगेच कळवावे. मॅजिस्ट्रेटनेही, छळ झाला का, हे आपणहून विचारावे आणि डॉक्टरी तपासणीचा हक्क तिला सांगावा.

मला सर्वांत मोलाची वाटली ती पत्रकाची गोष्ट. अटकेतल्या माणसाच्या हक्कांचे पत्रक मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावे, एवढ्यावर कोर्ट थांबले नाही. चौकीत आणल्याबरोबर ते त्या माणसाला समजेल त्या भाषेत वाचून दाखवावे, असेही बजावले. अक्षरओळख नसलेल्या बाईची आठवण कोणीतरी ठेवली! घरातली अंगठी सापडेनाशी झाली की आपला पहिला संशय कामवालीवर जातो. चौकीत नेली जाते ती बहुधा अशीच बाई, आणि तिला तिथे पाठवणाऱ्या पुष्कळदा आपणच असतो.

पुढे कायद्यात भर पडली. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी बाईला अटक करू नये. तसाच प्रसंग आला तर स्त्री-पोलीस अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी घेऊनच ती करावी, अशी दुरुस्ती २००५ साली झाली. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही हे कलम कायम आहे. नुसती साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल, तर बाईला चौकीवर येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी तिच्या घरी यावे.

वकिलाची फी कोठून आणावी, म्हणून पुष्कळ जणी गप्प बसतात. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिच्या मिळकतीची अट नाही. अर्ज तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे करायचा असतो.