बापूसाहेब महाराज (पंचम खेमराज)

बापूसाहेब महाराज, पंचम खेमराज (1897–1937) : सावंतवाडी संस्थानचे भोसले घराण्यातील राजे. 1913 मध्ये गादीवर आले तेव्हा ते अल्पवयीन होते. पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियाच्या आघाडीवर होते. राज्यकारभार हाती आला तो 1924 मध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कारकीर्द जेमतेम तेरा वर्षांची. तरीही आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण भागात, विशेषतः सावंतवाडी परिसरात, ‘रामराजा’ म्हटले की तेच डोळ्यांपुढे येतात. या प्रेमाचे श्रेय सहसा त्यांच्या साध्या, दयाळू स्वभावाला दिले जाते. ते खरेच आहे. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. 1838 मध्ये इंग्रजांनी संस्थानचा कारभार ताब्यात घेतला. 1844 च्या उठावात सरदार फोंड सावंत आणि खुद्द गादीचे वारस इंग्रजांविरुद्ध उतरले, पण अधिकार परत आले नाहीत. पुढे कित्येक दशके गादी होती, राजाही होता, मात्र रयतेच्या गाऱ्हाण्यावर शेवटचा शब्द परक्या अधिकाऱ्याचा होता. बापूसाहेबांच्या रूपाने शहाऐंशी वर्षांनी आपली भाषा बोलणारा, आपल्यात वावरणारा धनी खुर्चीवर बसला. त्यांच्या चांगुलपणाला इतके मोल आले ते या दीर्घ पोकळीमुळे.

यावर पहिला आक्षेप असा की संस्थानिक अखेर इंग्रजांचा मांडलिकच. हे मान्य करावे लागते. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण संस्थानिकाच्या हाती नव्हते. पण सुमारे सव्वादोन लाख वस्तीच्या, 925 चौरस मैलांच्या मुलखात रयतेचा रोजचा संबंध सारा, न्याय आणि शाळा यांच्याशी येतो, आणि तेथे राजाची वागणूक जाणवतेच. एप्रिल 1927 मध्ये आजारी महात्मा गांधी संस्थानातल्या आंबोलीत विश्रांतीला राहिले होते. त्यांनी या राज्याला रामराज्य म्हटल्याची आठवण सावंतवाडीत आजही सांगितली जाते. ती पुरावा म्हणून नव्हे, लोकभावनेची खूण म्हणून वाचावी. लोकप्रेम हे सुबत्तेचे प्रमाणपत्रही नव्हे : या काळातही कोकणातली माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांची वाट धरतच होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : चाळिशीच्या आत गेलेल्या राजाच्या चुका दिसायला वेळच मिळाला नाही. अकाली मृत्यू आठवणीला उजाळा देतो, यात शंका नाही. पण तसली हळहळ सहसा पिढीभरात ओसरते. येथे पुढे राणी पार्वतीदेवींनी अल्पवयीन पुत्र शिवरामराजांच्या वतीने कारभार पाहिला आणि 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाच्या नावाने कुणाचे भले-बुरे होण्याची सोय उरली नाही. तरी त्यानंतर सावंतवाडीत उभ्या राहिलेल्या महाविद्यालयाला नाव मिळाले ते पंचम खेमराजांचेच, आणि शिवरामराजे निवडणूक लढवून विधानसभेत गेले, ते या रयतेच्या मतांवर.