गुंतवणूकदार आणि सल्लागार यांच्या स्वभावांचा मेळ

गुंतवणूकदाराचा स्वभाव ओळखून त्यानुसार सल्ला देणे आणि त्या सल्ल्यात सल्लागाराच्या स्वतःच्या वृत्तीची सरमिसळ होऊ न देणे, हा वित्तीय नियोजनातील एक महत्त्वाचा विषय आहे.

स्वभावाचे प्रकार

बेलार्ड, बील आणि कायसर यांच्या प्रतिमानात गुंतवणूकदाराची पारख दोन कसोट्यांवर केली जाते : तो आत्मविश्वासी आहे की चिंताग्रस्त, आणि सावध आहे की उतावळा. त्यावरून पाच प्रकार मानले जातात. उदाहरणार्थ, सावध व चिंताग्रस्त व्यक्ती 'रक्षक', तर आत्मविश्वासी व उतावळी व्यक्ती 'साहसी' ठरते.

भारतातील नियम

मुंबईत मुख्यालय असलेल्या 'सेबी'ने (भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ) २०१३ साली गुंतवणूक सल्लागारांसाठी विनियम लागू केले. त्यांनुसार नोंदणीकृत सल्लागाराने ग्राहकाचे वय, उत्पन्न, मालमत्ता, कर्जे, गुंतवणुकीचा हेतू व कालावधी आणि जोखीम घेण्याची तयारी यांची माहिती घ्यावी लागते. प्रश्नावलीतील प्रश्न विशिष्ट उत्तर सुचवणारे नसावेत, जोखीमविषयक निष्कर्ष ग्राहकाला कळवावा व माहिती वेळोवेळी अद्ययावत करावी, अशीही अट आहे. योजनांच्या बाजूने म्युच्युअल फंडांची जोखीम 'रिस्कोमीटर'वर दाखवली जाते. जानेवारी २०२१ पासून त्याच्या सहा पायऱ्या आहेत.

तयारी आणि क्षमता

जोखीम घेण्याची तयारी हा स्वभावाचा, तर तोटा सोसण्याची क्षमता हा परिस्थितीचा भाग होय. भविष्य निर्वाह निधीच्या रकमेवरच उर्वरित आयुष्य काढणारा सेवानिवृत्त मनुष्य धाडसी असला, तरी त्याची क्षमता मर्यादित असते. याउलट स्थिर नोकरीतील तरुणाची क्षमता अधिक असूनही मन धजावत नाही. दोहोंत विसंगती आढळल्यास जे कमी असेल ते प्रमाण मानणे सुरक्षित समजले जाते.

मर्यादा

हे विनियम ग्राहकाची जोखीम जोखतात. सल्लागाराचा स्वभाव तपासत नाहीत. समान स्वभावाच्या दोघांचे सूत लवकर जुळते. परंतु दोघेही साहसी असल्यास आवर घालणारा कोणी उरत नाही आणि दोघेही भित्रे असल्यास महागाईमुळे बचतीचे मूल्य घटत जाते. शिवाय बाजार तेजीत असताना दिलेली उत्तरे मंदीत बदलू शकतात. त्यामुळे स्वभावांचे साम्य हे सल्ला योग्य असल्याचे प्रमाण ठरत नाही.