मोहाचे फूल आणि कायदा

खाडीकाठच्या कोलशेतापासून मोखाड्याच्या रानापर्यंत पसरलेल्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, राजसत्तेने माणसाच्या घरात कोठवर शिरावे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात एका फुलाने उभा केला. वारली-कातकऱ्यांच्या झोपड्यांत मोहाची फुले वाळवून ठेवीत. टंचाईत ती पोटास आधार होत. लग्नकार्यात व देवकार्यात त्यांचीच दारू लागे.

१८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात दारू गाळण्यावर सरकारचा ताबा घट्ट झाला. घरच्या भट्टीची जागा उरणच्या भट्ट्यांतील करभरल्या दारूने घ्यावी, असा बेत होता. तरी रानात चोरून दारू गाळली जाई. तेव्हा १८९२ साली ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी निराळा कायदा करून मोहाची फुले गोळा करणे, बाळगणे व विकणे यांवरच निर्बंध घालण्यात आले.

व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कर्ता मिल याने १८५९ च्या आपल्या निबंधात दारूबंदीस विरोध केला होता. महसुलासाठी मद्यावर कर बसविणे मात्र त्यास मान्य होते. येथे त्या महसुलाच्या रक्षणासाठीच गरिबाच्या अन्नावर पहारा बसला. उलटपक्षी, मद्यपान हा समाजाचा शत्रू मानणाऱ्यांनी १९०८ साली टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांवर पहारे केले. पुढे १९४९ साली स्वराज्यात दारूबंदीचा कायदा झाला, आणि त्यातही मोहाच्या फुलांवर नियंत्रण राहिले.

पहिल्या कायद्यापाठीमागे तिजोरी होती, दुसऱ्यापाठीमागे नीती. फुले वेचणाऱ्याला मात्र दोन्ही वेळा सरकारच्याच परवानगीकडे पाहावे लागले.