दोन रुपयांचा दंड

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आमच्या घरात देवाच्या आरतीइतक्या नेमाने म्हटली जाई. म्हणणारी आमची माय. शेजारी बांधाचे भांडण निघो की भावकीत वाटणीचे, मायने ही म्हण टाकली की बोलणे संपले. ती आमच्या घरात शिरली कशी, हे मात्र फार उशिरा कळले. ती आली होती एका सायकलीवर बसून, आणि त्या सायकलीला, सरकारी म्हणण्याप्रमाणे, दिवा नव्हता!

आमचे मेहरूण आज जळगाव शहराच्या पोटात गेले आहे. नव्या मंडळींना मेहरूण म्हटले की तळ्याकाठचा फेरफटका आठवतो, आणि थंडीत हातगाडीवर येणारी मेहरूणची बोरे. माझ्या लहानपणी हे शहराबाहेरचे गाव होते. जळगावला एके काळी याच तळ्याचे पाणी जात असे, पण जळगावचा उजेड काही आमच्याकडे येत नसे. दिवस मावळला की रस्ता काळोखात बुडे आणि जिनातून सुटलेली माणसे सायकलीच्या घंटा वाजवत, एकमेकांना हाका देत घरी येत. आमचे अण्णा त्यांतलेच एक. कापसाच्या जिनात ते काट्यावर होते.

सन १९४३. लढाईचे दिवस. घासलेट रेशनवर. सायकलीला पुढे घासलेटचा छोटा कंदील अडकवायचा, आणि सायंकाळनंतर तो पेटता नसला की गुन्हा. एका रात्री अण्णांना पोलिसाने धरले, समन्स आले, मामलेदारांपुढे उभे केले आणि दोन रुपये दंड झाला. अण्णांनी तो भरला, घरी आले, जेवले आणि झोपले. एवढीच हकिकत मायने मला सांगितली, आणि शेवटी म्हण.

आता मामलेदारांपुढे का, असे तरुण वाचक विचारतील. मुंबई इलाख्यात तालुक्याचे मामलेदार हेच मॅजिस्ट्रेटही असत. सकाळी सारा वसूल करायचा, दुपारी त्याच खुर्चीवरून न्याय द्यायचा, आणि वर साहेब एकच – कलेक्टर. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, जळगावला आणि धुळ्याला स्वतंत्र कलेक्टर आले, तरी ही व्यवस्था तशीच राहिली. ज्या हाताने धरायचे त्याच हाताने तोलायचे, यावर काँग्रेसच्या जन्मापासून तक्रार चालू होती. फारकत व्हायला मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा यावा लागला. १ जुलै १९५३ पासून तो लागू झाला आणि मामलेदारांच्या हातून फौजदारी न्याय सुटला.

पण सगळा दोष त्या खुर्चीवर ढकलून चालायचे नाही. १८९८ चा फौजदारी कायदा मी पुढे हौसेने वाचला. किरकोळ गुन्ह्याचा खटला असला तरी मॅजिस्ट्रेटने आरोपीला आरोप समजावून सांगावा आणि त्याला दोषी का ठरवू नये याचे काही कारण दाखवायचे आहे का, असे विचारावे, अशी त्यात आज्ञाच होती. म्हणजे अण्णांनाही विचारले गेले असणार. प्रश्न कायद्यात होता. उत्तर द्यायला मात्र दुसरी तारीख घ्यावी लागे, दुसरी तारीख म्हणजे जिनात आणखी एक खाडा, आणि खाड्यांवर जिनाच्या मुकादमाचा डोळा. शिवाय त्या काळच्या कायद्याप्रमाणे आरोपीला शपथेवर साक्ष देताच येत नसे. पोलीस शपथेवर बोले, आरोपी बिनशपथेचा. मग वजन कोणाच्या शब्दाला, हे काट्यावर बसणाऱ्या अण्णांना कोणी शिकवायला नको होते.

आमच्या ओटीवर एक तसबीर होती, लोकमान्यांची. तिच्याखाली बसून मी १९०८ च्या खटल्याची हकिकत वाचली ती शाळेत असताना, आणि वाचून अंगावर काटा आला. वाचकांपैकी बहुतेकांना ती ठाऊक आहे. तरी स्वतःचा खटला स्वतः चालवणे म्हणजे काय, हे ज्याला पाहायचे आहे त्याने ती पुन्हा पाहावी.

‘केसरी’तल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून २४ जून १९०८ ला टिळकांना पकडले. १३ जुलैला मुंबई हायकोर्टात खटला उभा राहिला. न्यायमूर्ती होते दिनशा दावर. १८९७ च्या खटल्यात बॅरिस्टर म्हणून टिळकांच्याच बाजूने उभे राहिलेले! ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठी, आणि ज्यूरीतल्या बहुतेकांना मराठीचा गंध नाही. टिळक स्वतः एल्‌एल्.बी., कायद्याचा वर्ग चालवलेले. त्यांनी बचाव स्वतःच्या हाती घेतला. सरकारी भाषांतरकार जोशी यांना पिंजऱ्यात घेऊन, या मराठी शब्दाला हा इंग्रजी शब्द कसा लावलात, त्याहून सौम्य शब्द का नाही लावला, असे एकेक शब्दावरून विचारले. मला खटल्यातला हा भाग भाषणाहूनही थोर वाटतो. पुढे ते ज्यूरीपुढे बोलले, सगळे मिळून एकवीस तासांहून अधिक, आठवडाभर.

या धाडसाची किंमतही त्यांना द्यावी लागली. बचावासाठी त्यांनी इतर वर्तमानपत्रांचे अंक पुराव्यात घातले, आणि आरोपीने पुरावा घातला म्हटल्यावर शेवटचा शब्द बोलण्याचा हक्क नियमाने सरकारी वकिलाकडे, ब्रॅन्सनकडे गेला. २२ जुलैच्या रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले. सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड. टिळक हरले. पण १९५६ साली त्याच हायकोर्टात, त्याच दालनाबाहेर, मुख्य न्यायमूर्ती छगला यांच्या हस्ते टिळकांच्या शब्दांची शिळा बसली.

मी पोर होतो. टिळक एकवीस तास बोलले आणि अण्णा एकवीस शब्दही बोलले नाहीत, याचा मला राग येई. बापाची लाज वाटण्याचे ते वय असते. बॅरिस्टर होऊन आलेले गांधीजीसुद्धा मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्याला उलटतपासणीसाठी उभे राहिले आणि तोंडून शब्द फुटेना म्हणून घेतलेली तीस रुपये फी परत करून खाली बसले, हे मी वाचले असते तर अण्णांविषयी थोडा सबुरीने विचार केला असता. पण ते पुस्तक हाती आले नंतर.

आणि मग माझीच पाळी आली. सन १९६४. मी एका पेढीवर लिहिणावळीला होतो. सायकल तीच, पण घासलेटच्या कंदिलाच्या जागी आता डायनामो आला होता. डायनामोची गंमत अशी की चाक फिरते आहे तोवर दिवा. चाक थांबले की अंधार. एका संध्याकाळी पोलिसाने हात केला, मी सायकल थांबवली, उतरलो. त्याने दिव्याकडे पाहिले आणि वहीत लिहिले: बिनदिवा. मी सांगू लागलो, तर म्हणाला, “कोर्टात सांग.”

मी म्हटले, सांगतो.

घरी हलकल्लोळ. माय रडली. अण्णा एवढेच म्हणाले, “दोन रुप्या जाऊ दे, भाऊ. खाडे मोजशील तर दहा जातील.” हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे अगदी बरोबर होते, हे आधीच कबूल करतो. तीन तारखा पडल्या. पहिल्या दिवशी साहेब रजेवर, दुसऱ्या दिवशी पोलीस बंदोबस्तावर. कोर्टाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या काळी कुठेही गेले असते तरी बाक तेच, घाम तोच आणि ‘हाजिर हो’ची आरोळीही तीच.

तिसऱ्या तारखेला पुकारा झाला. साहेबांनी विचारले, “वकील दिलाय?”

“नाही, साहेब.”

“गुन्हा कबूल?”

“नाही, साहेब.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिले. शपथेवर बोलायचे असेल तर बोलू शकतोस, तुझ्यावर सक्ती नाही, असे त्यांनी समजावले. आरोपीला शपथेवर बोलण्याची ही मुभा १९५५ च्या दुरुस्तीने आली होती; अण्णांच्या वेळी ती नव्हती. आधी पोलिसाची साक्ष झाली. मी रात्रभर पाठ केलेले वीस-बावीस प्रश्न त्याला विचारायला उभा राहिलो आणि सगळे विसरलो. एकच आठवला.

“हवालदारसाहेब, दिवा पाहिलात तेव्हा सायकल चालू होती की उभी होती?”

“उभी होती,” तो म्हणाला. खोटे बोलला नाही, हे त्याच्या लौकिकासाठी सांगितले पाहिजे. दिवा पाहायला सायकल थांबवावीच लागते, असे त्याला मनापासून वाटत होते.

मग मी शपथ घेऊन डायनामोचे सांगितले. साहेब उठून व्हरांड्यात आले, मागोमाग सगळे कोर्ट. शिपायाने मागचे चाक उचलून फिरवले. दिवा लागला, काजव्याइतका, पण लागला. “मेहरूणच्या लोकांना एवढा उजेड पुरतो वाटतं,” असे साहेब हसून म्हणाले आणि मला सोडून दिले.

वळून पाहतो तो दाराशी अण्णा. टोपी हातात. जिनात खाडा करून आले होते, मला न सांगता. परत येताना आम्ही सायकल हातात धरून चालतच निघालो. तळ्याचा बांध लागेपर्यंत ते काही बोलले नाहीत. तिथे थांबून म्हणाले, “माझा कंदील वाऱ्यानं विझला होता. काच गरम होती. त्यानं हात लावून पाहिला असता तर चटका बसला असता.”

वीस वर्षे ते वाक्य त्यांनी पोटात ठेवले होते. वीस वर्षांत मलाही कधी विचारावेसे वाटले नव्हते.

त्यानंतर कायदा पुष्कळ पुढे गेला, आणि गेला तो माणसाला कोर्टात येण्याचा त्रास पडू नये या दिशेने. मोटारवाल्यांना ही सोय १९३९ च्या मोटार कायद्यातच होती: गुन्हा कबूल असेल तर रजिस्टर पत्राने तसे कळवा, पैसे पाठवा, यायला नको. १९७३ च्या फौजदारी संहितेने ती इतर किरकोळ गुन्ह्यांनाही दिली. मग लोकअदालती आल्या. तिथे तडजोड होते, निवाडा अंतिम, अपील नाही. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. या सगळ्यांत कबूल करणाऱ्याची वाट गुळगुळीत झाली. कबूल नसणाऱ्याची वाट अजून बाकावरूनच जाते. कबुलीजबाब पोस्टाने जातो. काच गरम होती हे पोस्टाने कसे पाठवायचे?

आणि आता तर पोलीसही दिसत नाही. मुंबईत २०१६ साली ई-चलान सुरू झाले, पुढे राज्यभर पसरले. खांबावरचा कॅमेरा फोटो घेतो, चलान मोबाइलवर येते. २०२० साली नागपूर जिल्ह्यात काटोलला वाहतुकीच्या चलानांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. तिथे दंड घरबसल्या भरता येतो. यंत्राला मी नावे ठेवत नाही. रस्त्यावर माणसे मरतात, शिस्त हवीच. आणि फोटो हा पुष्कळदा हवालदाराच्या आठवणीपेक्षा प्रामाणिक साक्षीदार असतो. यंत्राने काय पाळावे, याचे नियम २०२१ साली केंद्राने केले आहेत: फोटोत गाडीचा नंबर, जागा, तारीख, वेळ दिसली पाहिजे, चलान निकाली निघेपर्यंत ती नोंद जपून ठेवली पाहिजे. दंड भरण्याआधी एवढे तरी डोळे उघडून पाहावे. पण कितीजण फोटो उघडतात? माझ्या नातवाने उघडला नव्हता.

नातू एका मोठ्या शहरात नोकरीला असतो. गणपतीत घरी आला तेव्हा त्याच्या मोबाइलवर चलान आले: हेल्मेट नाही, पाचशे रुपये. मी म्हटले, दाखव. फोटोत पांढरी स्कूटर, मागे बसलेली बाई, आणि नंबराच्या पाटीवर चिखल. नातवाची गाडी काळी मोटारसायकल. पाटीवरचा तीन होता की आठ, एवढाच सगळा खटला! ऑनलाइन तक्रार केली. तिचे उत्तर अद्याप आलेले नाही.

“नाना, पाचशे भरून टाकू,” तो म्हणाला. “एक रजा टाकली तर त्याहून जास्त जातात.”

हे वाक्य मी कुठे ऐकले होते, ते त्याला सांगितले. तळ्याच्या बांधापर्यंत सगळे सांगितले. तो बराच वेळ मोबाइल हातात धरून बसला आणि मग त्याने पैसे भरण्याचे पान बंद केले.

त्याने वकील दिलेला नाही. बोलायचे त्यानेच, आरोपी तो आहे. मी त्याला एकच सांगितले आहे, की वीस प्रश्न पाठ करू नकोस, एक नीट ठेव. गाडीच्या नोंदणीची प्रत, गाडीचा रंगीत फोटो आणि चलानातला मोठा करून छापलेला फोटो अशी तीन कागदांची गुंडाळी तयार आहे. दिवाळीनंतर तारीख पडेल. मी रात्रीच्या गाडीने जाणार आहे, आणि दाराशी उभा राहणार आहे. सूनबाईने प्रवासासाठी शंकरपाळ्यांचा डबा आताच वेगळा काढून ठेवला आहे.