पडक्या जोत्यांखालचा इतिहास

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांत मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड वगैरे लहान लहान राज्यें आहेत. तेथील दाट रानांत हिंडणाऱ्या माणसास एक गोष्ट बुचकळ्यांत टाकते. जेथें मनुष्यवस्तीचा मागमूसहि नाहीं अशा झाडींतून दगडी गडगे दूरवर गेलेले दिसतात. रानांत गडगे कोणीं घातले? उत्तर सोपें आहे. गडगे आधींचे, रान मागून आलें. सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्लंडांतून आलेल्या वसाहतवाल्यांनीं जंगल तोडून शेतें केलीं, शेतांतले दगड वेंचून बांधावर रचले, आणि तशाच दगडांनीं बांधलेल्या तळघरांवर लांकडी घरें उभारलीं. पुढें १८२५ सालीं ईरी सरोवराचा कालवा खुला झाला व पश्चिमेकडील सपाट, सुपीक जमीन हाताशीं आली. तरुण मंडळी तिकडे गेली. म्हातारीं माणसें मागें राहिलीं व यथाकाल तींहि गेलीं. लांकूड कुजलें, छप्पर बसलें, आणि घराच्या जागीं दगडांनीं मढविलेला एक चौकोनी खड्डा तेवढा उरला. मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांच्या घरांचीं ओस जोतीं ज्यांनीं कोंकणांत पाहिलीं असतील, त्यांना हें चित्र निराळें समजावून सांगावयास नको.

या खड्ड्यांच्या भोंवतीं हौशी लोक धातुशोधक यंत्र घेऊन फिरत असतात. काठीच्या टोंकाला ताटलीएवढें तारेचें वेटोळें, आणि कानाला ऐकण्याचें साधन. वेटोळ्यांतील विजेचा प्रवाह जमिनींत चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो; खालीं धातूचा तुकडा असेल तर त्यांत क्षीण प्रवाह उत्पन्न होतात, त्यांची चाहूल वेटोळ्यास लागते व कानांत शीळ वाजते. नाण्याएवढी वस्तु वीतभर खोलीच्या आसपास असेल तरच ती सहसा कळते. फार खोल गेलेली कळत नाहीं. या यंत्राचा जन्म मात्र द्रव्याच्या लोभांतून झालेला नाहीं. १८८१ सालीं अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगांत अडकलेली गोळी शोधण्यासाठीं टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं असें एक उपकरण तयार केलें. गोळी सांपडली नाहीं. बिछान्यांतील पोलादी स्प्रिंगांनीं घोटाळा केला असें कारण दिलें जातें. पुढें विमानांना रेडिओवरून दिशा दाखविणारीं यंत्रें धातूच्या सान्निध्यांत चुकतात, हें गेरहार्ट फिशर यांच्या ध्यानांत आलें, व त्या चुकीचाच उपयोग करून त्यांनीं तयार केलेल्या यंत्राचें पेटंट त्यांस १९३७ सालीं मिळालें. तेव्हां हें यंत्र म्हणजे रेडिओचें धाकटें भावंडच होय. दुसऱ्या महायुद्धांत पोलंडचे योझेफ कोसात्स्की यांनीं सुरुंग शोधण्यासाठीं त्याला सुटसुटीत रूप दिलें, आणि युद्ध संपल्यावर लष्कराचीं शिल्लक यंत्रें स्वस्तांत विकलीं जाऊं लागलीं. येथून हा छंद पसरला.

मिळतें काय? बहुतेक वेळां घडीव लोखंडी खिळे, घोड्याचे नाल, फुटक्या कढईचे तुकडे. त्यांच्या जोडीला पितळेचीं चपटीं बटणें, जोड्यांचीं बकलें, शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या, एखादें अंगुस्तान. नाण्यांमध्यें दुसऱ्या व तिसऱ्या जॉर्जचे तांब्याचे अर्धे पेनी, आणि स्पॅनिश रुप्याचे तुकडे. वसाहतींत चलनाची इतकी टंचाई असे कीं आठ रियलांचें स्पॅनिश नाणें छिनीनें कापून त्याच्या फाकी व्यवहारांत चालवीत. स्वतंत्र झालेल्या अमेरिकेंतहि स्पॅनिश नाणीं १८५७ पर्यंत कायदेशीर होतीं. बॉस्टन येथें एक टांकसाळ १६५२ सालीं निघाली व सुमारें १६८२ पर्यंत चालली, पण तिच्या बहुतेक नाण्यांवर साल १६५२ चेंच आहे. त्या वर्षीं इंग्लंडांत राजा नव्हता, म्हणून नाणें पाडण्याचा राजाचा अधिकार आपण मोडला नाहीं असें म्हणण्यास जागा राहावी, असा त्याचा अर्थ परंपरेनें लाविला जातो. नाण्यावरचें साल वाचून त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यानें हें लक्षांत ठेवावें.

ऱ्होड आयलंडांतील मिडलटाउन गांवीं एका फळबागेंत २०१४ सालीं अशाच एका हौशी शोधकास काळवंडलेलें एक रुप्याचें नाणें मिळालें. बागेंत त्यापूर्वीं बकल, बंदुकीच्या गोळ्या वगैरे वसाहतकालीन वस्तु निघाल्या होत्या, तेव्हां हें स्पॅनिश किंवा बॉस्टनचें असावें असें त्यास वाटलें. पण अक्षरें अरबी निघालीं. नाणें येमेन देशचें, १६९३ सालचें ठरलें. पुढें मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट व ऱ्होड आयलंड या राज्यांत त्याच काळचीं आणखी अरबी नाणीं निघालीं. १५ नाण्यांची नोंद २०२१ सालच्या वृत्तांत आली आहे. इंग्रज शेतकऱ्याच्या वावरांत तांबड्या समुद्राकांठचें नाणें कसें यावें?

या प्रश्नाचा धागा सुरतेस येऊन पोंचतो. सप्टेंबर १६९५ मध्यें औरंगजेब बादशहाचें ‘गंज-इ-सवाई’ हें जहाज हजचे यात्रेकरू व व्यापाराचा पैसा घेऊन सुरतेकडे परत येत होतें. खाफीखानाच्या लिहिण्याप्रमाणें जहाजावर ८० तोफा होत्या, आणि मोखा व जेद्दा येथें हिंदुस्थानी माल विकून आलेलें ५२ लाख रुपयांचें सोनें-रुपें होतें. हेन्री एव्हरी नांवाच्या इंग्रज चांच्यानें तें गांठलें. जहाजाची एक तोफ फुटून स्वतःचींच माणसें मेलीं, डोलकाठी तुटली, आणि लढाई संपली. नंतर चांच्यांनीं लूट केली, यात्रेकरूंचा छळ केला, स्त्रियांची विटंबना केली. कित्येक स्त्रियांनीं समुद्र जवळ केला. सुरतेस बातमी येतांच शहर खवळलें व कंपनीच्या इंग्रजांना वखारींतच कैदेंत पडावें लागलें. मुंबईच्या इंग्रजांवरहि बादशाही रोष होताच. खाफीखान स्वतः मुंबईस जाऊन तेथील इंग्रज अधिकाऱ्यास भेटल्याचें लिहितो. हजच्या जहाजांना संरक्षण देण्याचें कबूल केल्यावर १६९६ त वखारवाल्यांची सुटका झाली. लंडनांत सहा खलाशांवर खटला चालला. लुटीच्या आरोपांतून पंचांनीं त्यांस सोडून दिलें, तेव्हां सरकारनें जहाज पळविल्याचा दुसरा आरोप ठेवला, आणि पांच जण फांसावर गेले. एव्हरी कधींच हातीं लागला नाहीं. त्याचे कांहीं साथीदार मात्र अमेरिकेच्या वसाहतींत पसरले.

म्हणून मिडलटाउनचें नाणें ‘गंज-इ-सवाई’च्या लुटींतलें, असें शोधकाचें मत. तें संभवनीय आहे. सिद्ध झालेलें नाहीं. थॉमस ट्यू हा दुसरा चांचा तांबड्या समुद्रांत लूट करून १६९४ सालीं ऱ्होड आयलंडांतील न्यूपोर्ट बंदरांतच परतला होता. १६९३ चें नाणें त्याच्या थैलींतूनहि येऊं शकतें. नाणीं बोलतात असें म्हणण्याची पद्धत आहे, पण आपण कोणाच्या खिशांतून पडलों हें तीं सांगत नाहींत. तें सांगते भोंवतालची माती: नाणें कोणत्या थरांत होतें, शेजारीं राख होती कीं खापर, खांबाचा खळगा होता कीं उकिरडा. फळबागेची जमीन पिढ्यान् पिढ्या उलटीसुलटी झालेली, तेथें थर मोडण्याचें भय थोडें. पण न हाललेल्या तळघरापाशीं शीळ ऐकून कुदळ घालणारा मनुष्य नाणें घरीं नेतो आणि त्याचा पत्ता मागें फेंकून देतो. तोच पत्ता जपला तर हेंच यंत्र केवढें काम करतें, हें लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर दिसलें. १९८३ च्या वणव्यांत तेथील गवत जळलें. १९८४ व १९८५ सालीं संशोधकांनीं यंत्रें फिरवून प्रत्येक शिळेच्या जागीं निशाण रोंवलें, नकाशावर जागा टिपली, आणि मगच वस्तु उचलली. काडतुसांवरील खुणांवरून एकेका बंदुकीची वाटचालसुद्धां काढतां आली.

अमेरिकेंत खासगी जमिनींत मालकाची परवानगी असली कीं पुष्कळसें भागतें. संघसरकारच्या जमिनींत १९७९ च्या कायद्यानें परवान्यावांचून शंभर वर्षांपूर्वींचे अवशेष काढणें गुन्हा आहे. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा असून, दहा रुपयांहून अधिक किंमतीचें पुरलेलें द्रव्य सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावें लागतें. कायदे वस्तूची मालकी ठरवितात. वस्तूची जागा टिपून ठेवणें मात्र उकरणाऱ्याच्या हातीं राहतें.

आणखी एक उणीव यंत्राच्या जातींतच आहे. त्याला धातूच तेवढा ऐकूं येतो. मडकें, हाड, कोळसा, कांचेचा मणी यांना तें बहिरें. ज्या घरांतून चांदीचीं बटणें निघतात त्या घरीं राबणाऱ्या माणसांजवळ बहुधा धातु नव्हताच. ऱ्होड आयलंडचे गव्हर्नर सॅम्युअल क्रॅन्स्टन यांनीं १७०८ सालीं लंडनला पाठविलेल्या पत्रांत, १६९६ त ‘सीफ्लॉवर’ हें जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून ४७ गुलाम घेऊन आलें, त्यांतले १४ त्या वसाहतींत प्रत्येकीं ३० ते ३५ पौंडांस विकले गेले व बाकीचे जमिनीच्या वाटेनें बॉस्टनला नेले, अशी नोंद आहे. एव्हरीचे लोक ज्या गलबतांतून पांगले त्यांतल्या एकाचें नांवहि ‘सीफ्लॉवर’च होतें, दोन्हीं एकच असें कांहीं जण म्हणतात, पण हें नांव त्या काळीं दुर्मिळ नव्हतें. जहाज एक असो वा दोन, त्या ४७ जणांतील कोणाचेंहि नांव पत्रांत नाहीं.