पिंजऱ्यांतली कोंबडी आणि अकरावें कलम

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना आपण नृत्यामुळें ओळखतों. राज्यसभेंत प्राण्यांच्या छळाविरुद्ध त्यांनीं विधेयक आणलें होतें. पंडित नेहरूंच्या आश्वासनावरून तें मागें घेतलें गेलें, आणि १९६० सालीं सरकारनेंच कायदा केला. त्याचें अकरावें कलम सांगतें, कीं लांबी, रुंदी वा उंची अपुरी असल्यामुळें प्राण्याला वाजवी हालचाल करतां येत नाहीं अशा पिंजऱ्यांत त्याला कोंडणें हा गुन्हा आहे.

पुढें अंड्यांचे कारखाने निघाले. तारेच्या पिंजऱ्यांत एका कोंबडीच्या वांट्याला जागा आली ती टंकलेखनाच्या कागदाएवढी! पंख पसरणें नाहीं, धुळींत लोळणें नाहीं, अंडें घालावयास आडोसा नाहीं. कोंबडी हा प्राणी नव्हे, असें तर कायदा म्हणत नव्हता!

प्राणिमित्रांचा आग्रह साधा होता: जें कलम आहे, तें पाळलें जावें. २०१२ सालीं प्राणिकल्याण मंडळानें राज्यांना कळविलें, कीं असे पिंजरे कायद्याचा भंग करतात. पिंजरे राहिलेच. दिल्ली उच्च न्यायालयांत दाद मागितली गेली. जुलै २०१७ मध्यें विधि आयोगानें नियमांचा मसुदाच सरकारपुढें ठेवला. अंमलबजावणी कां अडली, हें दंडाच्या रकमेवरून थोडेंबहुत कळतें. पहिल्या गुन्ह्याला कायद्यानें ठरविलेला जास्तींत जास्त दंड ५० रुपये. तेवढ्यांत आज डझनभर अंडींही येत नाहींत.